उचिहा पानठेला: ॲडमिनच्या कच्च्या नोंदी

११ मे २०२५

शेवटी व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर बिऱ्हाड हलवलं. नाव तेच ठेवलं, उचिहा पानठेला, नारुतो या जपानी ॲनिमेतल्या इटाची उचिहाच्या चाहत्यांचा ग्रुप. व्हॉट्सॲपच्या १०२४ मेंबरच्या मर्यादेचा आपल्याला त्रास नव्हताच, तेवढे आपण कुठले, त्रास हा होता की नवीन आलेल्याला मागचं काहीच दिसत नाही, मग दर आठ दिवसाला कोणीतरी येते आणि तोच प्रश्न टाकते की इटाचीनं बरोबर केलं का चूक, आणि पहिल्यापासून तीच हाणामारी. इथं मागचं सगळं वर सरकवून वाचता येते. दुसरं म्हणजे स्पॉयलर, म्हणजे पुढची गोष्ट आधीच फोडणारं बोलणं, झाकता येते आणि ते आपल्याकडं लागतेच, कारण अर्धे लोक अजून टीव्हीवर हिंदी डबिंगमधून पाहून राहिले, त्यांच्यासाठी इटाची म्हणजे आईबापाला मारून पळालेला हरामखोर, आणि अर्ध्यांचे शिप्पुडेनचे (नारुतोच्या पुढच्या मालिकेचे) ५०० भाग कधीचेच संपले, त्यांच्यासाठी तो देव. दोघंही एकाच ठिकाणी गुडमॉर्निंग टाकतात.

टॉपिक पाडले: गप्पा, झाकून बोला, चित्रं, कोश. कोशात काय टाकायचं ते अजून ठरलं नाही पण नाव भारी वाटलं.

१८ मे

नियम लिहायला बसलो, मी आणि अमरावतीवाला. तो तिकडं लॉ करून राहिला, म्हणून त्याला प्रत्येक नियमाला पोटनियम पाहिजे. मी म्हटलं भाऊ, घाटंजीच्या बाजारात उभं राहून मोबाईलवर वाचता आलं पाहिजे एवढंच लिही.

पहिला नियम खोट्या वाक्यांचा. बुलेटवर बसलेला पोरगा, मागं सूर्य बुडून राहिला, त्यावर लिहिलेलं "शांत माणसाला कमजोर समजू नका" आणि खाली इटाची उचिहा. इटाचीनं हे कधी म्हटलं? पोरीनं धोका दिला की इटाची, पेपरात नापास झालं की इटाची, काकाच्या पोरासोबत धुऱ्यावरून भांडण झालं की इटाची. आता ठरलं की वाक्य टाकायचं तर भाग नंबर द्यायचा, नाहीतर उडवणार. पहिल्याच दिवशी एवढे मेसेज उडवले की दोघं-तिघं रुसून गेले. जाऊ दे.

२५ मे

कोशाचं सुचलं, आणि ते दुकानात बसल्या बसल्या सुचलं. माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सगळं. तिथं दिवसभर एकच काम, की माणूस जे सांगते त्याला कागद काय आहे. तर म्हटलं इटाचीचं पण असंच करू. त्याच्या आयुष्यातली एकेक घटना, तिच्यापुढं एक रकाना: हे कोणी सांगितलं.

हे का लागते ते लिहून ठेवते, नवीन मॉडरेटरला कामी येईल. (पुढचं सगळं स्पॉयलर.) शिप्पुडेनच्या १३८ व्या भागात इटाची मरते. तोपर्यंत त्याच्याबद्दल आपल्याला माहीत असलेलं बहुतेक सगळं एक तर लहान भावाच्या, सास्केच्या, आठवणीतून येते, नाहीतर खुद्द इटाचीच्या तोंडून, आणि तो जाणूनबुजून खोटं बोलून राहिलेला असते. मग १४१ पर्यंत एक मुखवटेवाला सास्केला "खरं" सांगते, की उचिहा कुळ बंड करणार होतं, कोनोहाच्या (त्यांच्या गावाच्या) वरच्या लोकांनी इटाचीला हुकूम दिला, त्यानं गावासाठी केलं, लहान भावाला मात्र मारू शकला नाही. इथंच आपले लोक रडतात आणि डीपी बदलतात. पण हा सांगणारा कोण? त्या रात्री इटाचीसोबत कुळ मारायला होता तोच. वर स्वतःचं नावही खोटं सांगते, मादारा म्हणते आणि निघते ओबितो. म्हणजे कितीतरी भाग इटाचीचं निर्दोषपण एका साथीदाराच्या जबानीवर उभं आहे. पुढं कबुतो नावाचा एक जण मेलेल्यांना उठवते, त्यात इटाची परत येते, आणि ३३९ व्या भागात तो स्वतः सास्केला सगळं दाखवते. कागद तेव्हा हाती लागते.

अमरावतीवाला एकदम खुश. म्हणे हा तर पुराव्याचा तक्ता झाला.

१ जून

वयाचा तक्ता टाकला आणि ग्रुप पेटला.

७ व्या वर्षी निन्जा अकादमी पास, ८ व्या वर्षी शारिंगन (उचिहांच्या डोळ्यांची ताकद), १० व्या वर्षी चुनिन (निन्जाचा मधला दर्जा), ११ व्या वर्षी आन्बु (गावाचं गुप्त पथक), १३ व्या वर्षी आन्बुचा कॅप्टन. आणि कुळ मारलं ते १३ व्याच वर्षी. आपल्याकडं तेरा वर्षांचा पोरगा म्हणजे सातवी-आठवी, सायकलच्या दांडीवरून उतरून सीटवर आलेला. अमरावतीवाल्यानं लगेच २०१५ चा बाल न्याय कायदा काढला, की गुन्हा कितीही भयंकर असला तरी मोठ्यांच्या कोर्टात चालवायचा विचार १६ च्या वरच्याचाच होते, १३ वाल्याचा नाही, तो बाल न्याय मंडळापुढंच जाईन.

मला वाटलं इटाचीवाले यावर नाचतील. त्याच्या बाजूनं याच्याहून तगडा मुद्दा दुसरा नाही, की गुन्हा हुकूम देणाऱ्या म्हाताऱ्यांचा, डान्झोचा आणि त्याला न अडवणाऱ्या गावप्रमुख, म्हणजे होकागे, हिरुझेनचा, लेकराच्या हाती तलवार देणाऱ्यांचा. पण नाही. भक्तांनाच हे पचलं नाही. दिग्रसवाल्या भाऊनं (आपला सगळ्यात कट्टर) लिहिलं, "ताई तुम्ही त्याले लेकरू म्हणून राहिल्या, तो लेकरू नोता, त्याले सगळं समजत होतं, तो होकागेसारखा विचार करे." मी म्हटलं बरं, समजत होतं तर मग पूर्ण समजून केलं, तर मग जबाबदारी पण पूर्ण घ्या. त्यावर म्हणे नाही, त्याच्यापुढं पर्यायच नव्हता.

म्हणजे शाबासकीच्या वेळी इटाची मोठा माणूस आणि हिशेबाच्या वेळी बिचारं पोर. दोन्ही एकदम पाहिजे. रात्री साडेबारापर्यंत चाललं, मग मी स्लो मोड टाकला, पंधरा मिनिटाला एक मेसेज. आपोआप लोक विचार करून लिहायला लागले किंवा झोपले, मला दोन्ही चालते.

९ जून

इटाचीचा वाढदिवस आज. नुकताच मृग लागला. मे महिन्यात पाऊस तोंड दाखवून गेला आणि आता आभाळ कोरडं, त्यामुळं अर्धे मेंबर कृषी केंद्रात बियाण्याच्या लाइनीत आणि अर्धे पेरावं का थांबावं याच्यावर बापासोबत वाद घालण्यात. प्रश्नमंजुषा ठेवली होती रात्री आठला, आठ वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली, माझ्याच गावची नाही, चार तालुक्यांतले लोक म्हणे आमची पण. उरलेल्यांनी मोबाईलच्या शेवटच्या टक्क्यांवर खेळली.

इटाचीला दांगो आवडते, तांदळाच्या पिठाचे गोळे, तीन-तीन करून काडीत ओवलेले. आर्णीकडच्या एका पोरीनं घरी केले. गोळे झकास दिसत होते, साखरेचा पाक वगैरे वरून. काडी मात्र तिनं निंबाची घेतली, ताजी, हिरवी. घरी सगळ्यांनी एकेक गोळा खाल्ला आणि तोंडं कडू करून बसले, तिनं त्या तोंडांचे पण फोटो टाकले. इटाचीवाले म्हणे एकदम बरोबर, त्याचं आयुष्य पण असंच. हे वाक्य मी उडवणार होते, भाग नंबर नव्हता, पण सोडलं.

२२ जून

पेरण्या चालू. ग्रुपात फक्त विद्यार्थी आणि मी. शिसुईचं, इटाचीच्या जिवलग मित्राचं, पान पूर्ण केलं: बंड थांबवायला तो स्वतःच्या डोळ्याची ताकद कुळावर वापरणार होता, डान्झोनं एक डोळा काढून घेतला, दुसरा त्यानं इटाचीला दिला आणि नाका नदीत उडी टाकली. रकान्यात: इटाचीनं सांगितलं.

६ जुलै

आज एक गोष्ट झाली ती जपून लिहायची आहे.

कोणीतरी पोल टाकला: इटाची कोण? हिरो / व्हिलन / खबऱ्या. तो दोन्हीकडून होता न, कुळाच्या बैठकीत बसायचा आणि कोनोहाला बातमी द्यायचा, मग अकात्सुकीत (गाव सोडलेल्या निन्जांच्या टोळीत) राहून पण तेच, म्हणून खबऱ्या. पोरांनी हसण्यावारी मतं टाकली, खबऱ्या पुढं चालला होता.

धानोऱ्याकडचा एक मेंबर आहे, गडचिरोली जिल्ह्यातला, कधी बोलत नाही, चित्रं काढते फक्त, भारी काढते. त्यानं व्हॉइस मेसेज टाकला. काय म्हणाला ते सगळं इथं लिहीत नाही, थोडक्यात हे की आमच्याकडं हा शब्द कोणाच्या नावापुढं लागला की तो माणूस रात्री घरात झोपत नाही, लागला तो खरा आहे का खोटा हे कोणी विचारत नाही, आणि दोन्हीकडचे त्याला विचारायला येतात. मी लहान होतो तेव्हा गावातला एक असा गेला. तुम्ही पोल ठेवा, मी मत देणार नाही.

पाच मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. मग ज्यानं पोल टाकला त्यानंच काढला. दिग्रसवाला, जो कोणालाच सोडत नाही, त्यानं "माफ कर भाऊ" एवढंच लिहिलं.

मी नंतर त्याला वेगळं विचारलं, की कोशात "दोन्हीकडचा" हे पान करू का नको. तो म्हणाला करा न ताई, पण त्याच्यात हे लिहा की इटाचीच्या कुळातले लोक त्याच्यावर संशय घेऊन राहिले होते तेव्हा तो घरी जेवायला बसायचा. बाप समोर, आई वाढून राहिली, लहान भाऊ कपाळावर बोट टोचायची वाट पाहून राहिला. तेवढं एक जेवण लिहा. मी ते तसंच लिहिलं. कोशातलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे, आणि ते माझं नाही.

३१ जुलै

पीक विम्याचे फॉर्म. सर्व्हर चालत नाही. दुकानात रांग उंबऱ्याबाहेर. ग्रुपवर स्लो मोड एक तास. कोणी मेलं तरी मला सांगू नका.

१० ऑगस्ट

आई विचारून राहिली होती की तू रात्र रात्र मोबाईलवर कोणाचं काय सोडवते. ती निंदून आली होती, पाय धुऊन ओट्यावर बसली, मी चहा केला आणि सांगितली सगळी गोष्ट. कुळ, बंड, हुकूम, रात्र, लहान भाऊ. सास्के तेव्हा सात-आठ वर्षांचा. त्याला इटाचीनं सोडलं, पण सोडण्याआधी त्सुकुयोमीत (डोळ्यांनी घातलेल्या भासात) टाकून तीच मारामारी पुन्हा पुन्हा दाखवली, आणि म्हणाला माझा द्वेष कर, पळ, जग, आणि ताकद आली की ये. पुढं हॉटेलात भेटला तेव्हा त्याचं मनगट मोडलं आणि परत तेच दाखवलं. सगळं कशासाठी, तर शेवटी सास्केच्या हातून आपण मरावं आणि सास्के गावाचा हिरो व्हावा.

आईनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "लहान्याले वाचवलं का त्याले कामाले लावलं?"

मी म्हटलं म्हणजे?

"आपल्याले मारायच्या कामाले. लेकराचं सारं बालपण त्याच्यातच गेलं न. याले वाचवणं नाई म्हणत."

मी हे ग्रुपवर टाकलं, आईचं म्हणून. रविवार होता, सगळे मोकळे. एवढे महिने आम्ही कुळ विरुद्ध गाव, गाव विरुद्ध कुळ करून राहिलो होतो, सास्केचं कोणी बोललंच नव्हतं. सास्केवाल्या पोरी (आहेत थोड्या, दबून असतात) एकदम उठून बसल्या. एकीनं लिहिलं, काकूला ॲडमिन करा.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. चौकात लाकडी बैल घेऊन पोरं, वेशभूषा स्पर्धा. दोन शिवाजी महाराज, एक झाशीची राणी, एक ट्रॅक्टर (पुठ्ठ्याचा, भारी होता), आणि एक इटाची. माझ्या ग्रुपातल्या एकाचा भाचा. छत्रीच्या काळ्या कापडाचा झगा, त्यावर लाल ढग, ढग लग्नपत्रिका कापून चिकटवलेले, एका ढगावर चि. सौ. कां. वाचता येत होतं. डोळ्याखालच्या रेषा काजळाच्या. बैलाच्या पण कपाळावर कोनोहाचं चिन्ह, आणि त्यावर आडवी चीर पाडलेली, म्हणजे गाव सोडलेला बैल. एवढं बारीक काम मोठ्यांनाही सुचत नाही.

परीक्षक म्हणून गुरुजी होते, त्यांनी माईक पुढं केला. बाळा तू कोण?

इटाची.

तो काय करते?

पोरगा थांबला, मामाकडं पाहिलं, मग माईकमध्ये म्हणाला, "घरच्यांले मारते."

चौक हसला. गुरुजी म्हणे, मग असं काऊन बनलास? पोरगा म्हणे, "त्याले भाऊ आवडते."

तिसरा नंबर आला. व्हिडिओ कोशात जोडायचा होता, पण लेकराचा चेहरा आहे म्हणून नाही जोडला, फक्त झग्याचा पाठमोरा फोटो घेतला, घरच्यांना विचारून.

१४ सप्टेंबर

मेलेल्यांचं पान उघडलं. यावरून फूट पडली ते आधीच लिहून टाकते.

झालं असं की कोशात इटाची, शिसुई, डान्झो, सगळ्यांची पानं झाली, आणि जे मेले त्यांचं एक वाक्य, "कुळ संपवलं". अमरावतीवाला म्हणे की कोणत्याही प्रकरणात मयतांची यादी असते. बसलो शोधायला. नावं फार थोडी सापडतात, गोष्टीनंच दिलेली नाहीत. बाप फुगाकु, आई मिकोतो. इझुमी, ती कादंबरीतून आली आणि मग शिप्पुडेनच्या ४५१ ते ४५८ या भागांत. आणि टेयाकी आणि उरुची.

हे दोघं कोण ते कोणाला आठवतच नव्हतं. उचिहा वस्तीत यांचं सेनबेईचं दुकान, सेनबेई म्हणजे तांदळाच्या पिठाचं कुरकुरीत भाजलेलं बिस्किट. साधे म्हातारपणाकडं झुकलेले नवरा-बायको, सास्केला येता-जाता ओळखणारे. त्या रात्री सास्के घराकडं पळते तेव्हा रस्त्यात त्याला हे दोघं पडलेले दिसतात. बस, एवढंच. बंडाच्या बैठकीत काय चाललं होतं आणि दुकान चालवणाऱ्याला त्यातलं किती माहीत होतं, गोष्ट सांगत नाही. मला हे दोघं चिकटून बसले, कदाचित मी पण काउंटरच्या मागं बसते म्हणून.

पान टाकलं. दिग्रसवाला: "कोशात हे कायले पाहिजे? आपला ग्रुप इटाचीचा हाय का त्या सेनबेईवाल्याचा?" मी म्हटलं इटाचीचाच आहे, म्हणूनच पाहिजे. तो म्हणे तुम्ही त्याले बदनाम करून राहिल्या. मी म्हटलं भाऊ मी त्याचाच डीपी ठेवून बसली. संध्याकाळपर्यंत तो गेला, सोबत बरेच गेले, आणि नवीन ग्रुप निघाला, तिथं नियम एकच, इटाचीविरुद्ध बोलायचं नाही. आपल्याकडची चित्रं पण घेऊन गेले, धानोऱ्यावाल्याची, त्याचं नाव न देता. त्यावर मात्र मी फोन केला. चित्रांवर नावं आली दुसऱ्या दिवशी.

५ ऑक्टोबर

सोयाबीन निघून राहिलं. रात्री थ्रेशरचा आवाज, झोप नाही, म्हणून काम झालं.

३३९ व्या भागाचं पान लिहिलं. हे पान मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. कारण याच भागात इटाची स्वतः सास्केला जे म्हणते त्याचा अर्थ असा की मी तुला कायम दूर ठेवलं, तुझ्यावर विश्वास ठेवायला पाहिजे होता, तुला आधीच खरं सांगितलं असतं तर कदाचित तू आई-बाबांना आणि कुळाला बदलू शकला असता. आधी नारुतोला (गोष्टीच्या नायकाला) पण तो हेच सांगते, एकट्यानं सगळं उचलू नको. तर आपले जे लोक "पर्यायच नव्हता" म्हणून भांडून राहिले, त्यांचं इटाचीशीच जमत नाही.

आणि हे सांगणाऱ्या माणसानं आधी काय करून ठेवलं होतं? शिसुईचा डोळा बसवलेला कावळा नारुतोच्या पोटात, की सास्के कोनोहावर चालून आला तर त्याच्या डोक्यात जबरदस्तीनं "गाव वाचव" घालायचं. ज्याच्यावर एवढं प्रेम त्याच्या मनावर परस्पर ताबा. ते झालं नाही, कावळा भलत्याच वेळी बाहेर आला आणि उलट इटाचीच कबुतोच्या ताब्यातून सुटला. तरी योजना तीच होती. दोन्ही एकाच पानावर ठेवलं, शेजारी शेजारी, मध्ये माझं एक वाक्य नाही.

मला तो यानंतर जास्त आवडायला लागला, हे पण खरं. स्वतःच्या तोंडानं चुकलो म्हणणारे फार कमी असतात, या गोष्टीत तर अजूनच कमी, हिरुझेन काही म्हणाला नाही तेवढं.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई, दुकान बंद. दिग्रसवाल्याचा मेसेज, ग्रुपात नाही, मला वेगळा. राम राम नाही, सरळ मुद्दा:

"ताई मयताच्या पानात गडबड हाय. आईबाप आन सेनबेईवाले एका लाइनीत टाकले तुम्ही. आईबापाले माहीत होतं. ते पाठ फिरवून बसले होते, बाप म्हणे तुझा अभिमान हाय, भावाले सांभाळ. ते पोराच्या हातून जायले तयार होते. त्या दुकानवाल्याले कोणी इचारलं होतं का? मंग एकच लाइन कशी?"

दोनदा वाचलं. पॉइंट बरोबर आहे. कट्टर इटाचीवाल्याच्या बोटातून निघाला म्हणून कमी होत नाही, उलट. मी लिहिलं, भाऊ तुम्हीच करा दुरुस्ती, कोशात परत टाकते तुम्हाला. तो म्हणे ग्रुपात येत नाही, फक्त कोशात येतो. टेलिग्रामला असं होत नाही, एक टॉपिक पाहिजे तर सगळा ग्रुप पाहिजे, म्हणून आला आणि बाकी सगळं म्यूट करून बसला.

२ नोव्हेंबर

वेचणी चालू, त्यात मागच्या आठवड्यात पाऊस, कापूस ओला, लोक वैतागलेले. स्लो मोड परत एक तास.

मयतांच्या तक्त्यात नवा रकाना: त्यांना विचारलं होतं का. फुगाकु, हो. मिकोतो, हो. टेयाकी, नाही. उरुची, नाही. इझुमीचं पान आर्णीवालीकडं दिलं, ती कादंबरी आणि ते आठ भाग दोन्ही ताडून लिहिणार, दोन्हीत फरक आहे म्हणे.

दिग्रसवाल्यानं खाली अजून एक ओळ टाकली: सास्के. जिवंत आहे म्हणून मयतात नको असं अमरावतीवाल्याचं म्हणणं, आई म्हणते राहू द्या. विचारलं होतं का, हा रकाना त्याच्यापुढं "नाही" धरायचा का यावर कालपासून रेटारेटी. पोल घ्यायचा नाही असं ठरलं. टॉपिकला कुलूप लावलं, कापूस घरात आला की उघडू. तोवर धानोऱ्यावाल्याकडून सेनबेईच्या दुकानाचं चित्र घ्यायचं आहे, आणि आधीच्या चित्रांसारखं खाली त्याचं नाव टाकायचं आहे.